रिसेल फ्लॅट घेताय? टोकनच्या आधी इंजिनियर

प्रश्न: ताई, नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके बघितलाय, बिल्डिंग ३० वर्षांच्या वरची. आतून एकदम चकाचक, नवा रंग, पीओपी. मी म्हणतोय इंजिनियर आणून चेक करून घेऊ, तर एजंट म्हणतो बँकेचा माणूस येणारच आहे, उगाच खर्च कशाला, लवकर टोकन द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. काय करू?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: दादा, घाईत टोकन अजिबात देऊ नका. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो फ्लॅटची किंमत किती धरायची हे ठरवायला, बाथरूम गळतंय का हे शोधणं त्याचं काम नाही.

नवा रंग दिसला की मला तरी आधी शंकाच येते. इंजिनियर मॉइश्चर मीटर लावून भिंतीतली ओल बघेल, प्लास्टर ठोकून पोकळ वाजतंय का ते बघेल, आणि वरच्यांच्या टॉयलेटखालचं पीओपी थोडं उघडायला लावा, मालक नको म्हणाला तर तिथेच समजून जा. प्लास्टरवरच्या केसासारख्या तड्यांना घाबरू नका हो, पण बीमला किंवा कॉलमला लांबलचक सरळ तडा असेल तर आतली सळई गंजलेली असू शकते, गंजली की ती फुगते आणि काँक्रीट फोडते, ते काय पुट्टी मारून थांबत नाही.

आणि खालच्या मजल्यावरच्यांची बेल नक्की वाजवा! तुमच्या बाथरूमचं लीकेज त्यांच्या छताला दिसणार, आणि फ्लॅट घेतल्यावर ते भांडण तुमच्याच गळ्यात.

पण खरं सांगू का, फ्लॅटपेक्षा बिल्डिंग जास्त महत्त्वाची. ३० वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, कायद्यानेच करावं लागतं, तर सेक्रेटरींकडे रिपोर्ट मागा आणि कॅटेगरी बघा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, विषय संपला. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहून दुरुस्ती पण मोठी, सी-३ म्हणजे किरकोळ. दुरुस्तीची वर्गणी ठरली असेल तर ती कोण भरणार ते आत्ताच लिहून घ्या, रिडेव्हलपमेंट होणारच आहे वगैरे तोंडी गोष्टींवर जाऊ नका.

टोकन द्यावंच लागलं तर छोटं द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की इन्स्पेक्शन किंवा ऑडिटमध्ये मोठा दोष निघाला तर पूर्ण पैसे परत.