वाचकांचे प्रश्न : ट्रॉलीचा हूक आणि वाकणारी पिन

प्रश्न : माझा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली आहे. केळीचे घड भरून शेतातून डांबरी रस्त्यावर चढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. ट्रॉली खालच्या लिंकांमधल्या (अवजार उचलणाऱ्या मागच्या दोन दांड्यांमधल्या) आडव्या पट्टीला जोडतो. गॅरेजवाला हूक उंच लावायला सांगतो. पिनही वर्षात दोनदा वाकली. काय करू? (रावेर तालुका)

उत्तर : भाऊ, हूक उंच लावू नका. ओढ जितकी उंच, तितकी पुढची चाकं हलकी होतात. चढावर ती जमिनीवरून सुटली की ट्रॅक्टर मागे उलटायला काही क्षण लागतात, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या दांडीच्या) जागेला तर ट्रॉली कधीच जोडू नका.

तुमची खरी अडचण आडव्या पट्टीची आहे. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार तिच्या पुढच्या, ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्यावर येतोच. पट्टी मागच्या एक्सलपासून लांब असल्याने तोच भार ट्रॅक्टरचं तोंड उचलतो. शिवाय हायड्रोलिकमुळे पट्टी वर-खाली होते. हाउसिंगला (मागच्या एक्सलच्या लोखंडी घराला) बोल्टने घट्ट बसवलेला हूकच वापरा. त्याच्या भोकांपैकी असं निवडा की भरलेल्या ट्रॉलीचा तळ सपाट राहील. हूकवर उभा भार किती चालतो ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं. त्याच्या आत राहा. पुढे वजनं लावलीत तर स्टिअरिंगला आधार मिळेल, पण म्हणून ट्रॉली जास्त भरायची नाही.

घड भरताना चाकांच्या पुढच्या बाजूला थोडा जास्त भार ठेवा. सगळा मागे गेला तर दांडा हूकला वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली डोलू लागते. उतरवताना पुढचे घड आधी काढले तरी हाच प्रकार, म्हणून मागे टेकू द्या.

आता पिन. काढून पाहा, मधोमध चकचकीत खाच दिसेल. हूकचा जबडा रुंद आणि दांड्याची रिंग पातळ असली की मोकळ्या जागेत पिन वाकते, आणि प्रत्येक गिअरला झटका बसतो. रिंगच्या वर-खाली जाड वायसर टाकून ती फट भरा. ३२ मिमीची पिन घासून २८ वर आली तर वाकण्याविरुद्धची तिची ताकद जवळजवळ एक तृतीयांश घटते. अशी पिन बदला. वेल्डिंगने भर देऊ नका, कडेचं पोलाद ठिसूळ होतं. सळई किंवा साधा बोल्टही चालणार नाही. जबडा वर-खाली दोन्हीकडून पिन धरणारा हवा आणि खाली पिन निसटू नये म्हणून खिळ्याऐवजी आर-क्लिप (इंग्रजी R च्या आकाराची स्प्रिंगची क्लिप).

सेफ्टी चेन पिनला न अडकवता ट्रॅक्टरच्या पक्क्या भागाला लावा. ती दांड्याखालून जावी, वळताना ताणू नये, जमिनीलाही लागू नये.

प्रश्न : पिकअपला फवारणीच्या टाकीचा ट्रेलर जोडायचा आहे. गोळ्याचा हूक कोणता घ्यावा? (शिरपूर)

उत्तर : ट्रेलरच्या कपलरवर (गोळ्यावर बसणाऱ्या वाटीवर) माप कोरलेलं असतं, गोळा नेमका त्याच मापाचा घ्या. मोठ्या कपलरमध्ये लहान गोळा बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडतो. हूक चॅसीला बोल्टने बसवा, बंपरला नको. हूक, गोळा, कपलर आणि गाडी यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच तुमची मर्यादा. वजन धरताना टाकी पाण्याने भरलेली धरा : १,००० लिटर म्हणजे १ टन, ट्रेलरचं वजन वेगळं. टाकी अर्धी असताना आत पाणी हिंदकळतं, तेव्हा वळणावर वेग कमीच ठेवा.