दिवसभर सीड करूनही टॉरेंटचा अपलोड रेशो का वाढत नाही?

तुम्ही लिहिलंय की ४० जीबी उतरवलं, १२ जीबी अपलोड झालं, रेशो (अपलोड भागिले डाउनलोड) ०.३ वर अडकलाय आणि आता जास्त वेगाचं कनेक्शन घ्यावं का. घाई करू नका. १.० गाठायला तुम्हाला २८ जीबी हवेत. १० एमबीपीएसची अपलोड लाइन म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. ती पूर्ण भरून वाहिली तर सव्वासहा तासांत काम फत्ते. म्हणजे वेग कमी नाहीये, तुमच्याकडे मागायला कोणी येत नाहीये. मीही आधी प्लॅनच बदलला होता. रेशो जागचा हलला नाही.

माझ्या बाबतीत घोडं अडलं होतं पोर्टवर, म्हणजे इतरांची कनेक्शनं आत यायच्या दारावर. पोर्ट बाहेरून बंद असेल तर तुम्ही इतरांना गाठू शकता, पण ते तुम्हाला गाठू शकत नाहीत. समोरच्याचंही पोर्ट बंद असेल तर बहुतेक वेळा दोघांची गाठच पडत नाही. क्लायंटमध्ये (टॉरेंट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक पोर्ट कायमचा ठरवा, राउटरमध्ये तोच फॉरवर्ड करा (त्यावर बाहेरून येणारं तुमच्या कॉम्प्युटरकडे वळवा), किंवा यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडून देणारी राउटरची सोय) चालू करून बघा. तरीही बंदच दिसला तर राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) तपासा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय. मग राउटरमध्ये कितीही डोकं फोडलं तरी उपयोग नाही. इंटरनेट कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागा, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर ते चालू करा, नाहीतर पोर्ट फॉरवर्डिंग देणारं व्हीपीएन घ्या (ट्रॅकरचे, म्हणजे टॉरेंटची आणि तुमच्या रेशोची नोंद ठेवणाऱ्या साइटचे, नियम वाचून, काही ठिकाणी ते चालत नाही).

दुसरी गोष्ट, कोणत्या टॉरेंटवर बसायचं. एकाचं अपलोड तेच दुसऱ्याचं डाउनलोड, त्यामुळे एका टॉरेंटवर सगळ्यांची सरासरी १ च्या वर जाऊच शकत नाही. कोणी ३ वर असेल तर कोणीतरी मागे राहिलेलाच असतो. २०० सीडर (पूर्ण फाइल असलेले, देणारे) आणि ३ लीचर (अजून उतरवणारे) असतील तिथे महिनाभर बसून हाती काही लागणार नाही. नवं टॉरेंट आल्या आल्या पहिल्या तासाभरात पोचलात तर खरी कमाई. फ्रीलीच असेल तर सोन्याहून पिवळं, कारण डाउनलोड मोजलंच जात नाही. अनेक प्रायव्हेट ट्रॅकर सीडिंगच्या तासांवर बोनस पॉइंटही देतात, ते अपलोडमध्ये बदलून घेता येतात. तिथे जुनी, एक-दोन सीडर उरलेली टॉरेंटं धरून ठेवणं फायद्याचं. स्वतःकडचं, वाटायची परवानगी असलेलं काही असेल तर ते टाका, सुरुवातीला एकटे सीडर तुम्हीच असता.

अपलोडची मर्यादा लाइनच्या साधारण ८० टक्के ठेवा, नाहीतर घरातलं बाकीचं इंटरनेट रेंगाळतं. ‘रेशो १ झाला की थांब’ अशी सेटिंग कुठे लपली नाहीये ना, तेही बघा.

खोटं अपलोड दाखवणाऱ्या प्रोग्रामांच्या नादी लागू नका. कोणी काहीच उतरवलं नाही आणि तुमचं अपलोड मात्र वाढलं, हे ट्रॅकरला दिसतं, आणि खातं जातं.

आणि हो, उतरलेली फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये न्यायची असेल तर क्लायंटमधूनच हलवा. बाहेरून हलवलीत की क्लायंटला ती सापडत नाही आणि सीडिंग तिथेच थांबतं.