वाचक विचारतात : गाणी ऐकायचा छोटा प्लेअर कसा निवडावा?

या वेळच्या पत्रांत इंदूरच्या वाचकांचे बरेच प्रश्न खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आईचं वय 76. स्मार्टफोन तिला जमत नाही. नाट्यगीतं, अभंग, भावगीतं मिळून सुमारे 600 एमपी3 गाणी पेनड्राइव्हवर आहेत. तिला कोणता प्लेअर घेऊन द्यावा? पेनड्राइव्हवर गाणी उलटसुलट क्रमानं वाजतात, तसं नको. (एक वाचिका, रामबाग)

खऱ्या बटणांचा घ्या, टचस्क्रीनचा नको. आवाज कमी-जास्त करायची बटणं स्वतंत्र हवीत. पुष्कळ स्वस्त प्लेअरमध्ये तेच बटण थोडं दाबलं तर पुढचं गाणं लागतं आणि दाबून धरलं तर आवाज वाढतो. वयस्कर माणसाला याचा फार त्रास होतो. दुकानात गाणं मध्येच थांबवून प्लेअर बंद करा आणि पुन्हा चालू करा. जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं पाहिजे. दर वेळी पहिल्या गाण्यापासून सुरू होणारा प्लेअर चार दिवसांत कपाटात जातो.

जागेची चिंता नको. 320 केबीपीएसच्या (सेकंदाला 320 किलोबिट माहिती साठवणाऱ्या) एमपी3ला मिनिटाला 2.4 एमबी लागतात. पाच मिनिटांचं एक गाणं धरलं तर 600 गाणी 7.2 जीबीत बसतात, आणि 128 केबीपीएसची असतील तर 3 जीबीतच. 16 जीबी पुरे.

आता क्रमाचं. साधे प्लेअर आणि पेनड्राइव्हवर चालणारे स्पीकर नाव वाचून क्रम लावत नाहीत. फाइल मेमरी कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर ज्या क्रमानं लिहिली गेली, त्या क्रमानं ते वाजवतात. संगणकाच्या पडद्यावर सगळं ओळीत दिसतं, कारण तिथे संगणक स्वतः नावं लावून दाखवतो. उपाय असा : प्रत्येक नावाआधी 001, 002 असे आकडे घाला. नुसते 1, 2 घातले तर काही ठिकाणी 1 नंतर 10 येतो. मग कार्ड फॉरमॅट करा, म्हणजे पूर्ण पुसा, आणि एकेक फोल्डर क्रमानं कॉपी करा. अभंग, नाट्यगीतं, भावगीतं असे तीन-चारच फोल्डर ठेवा. फोल्डरच्या आत आणखी फोल्डर नकोत.

नावं देवनागरीत हवी असतील तर आधी एक फाइल नेऊन दुकानातच पाहा. अनेक प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात, तिथे चौकोन उमटतात. काहींत अक्षरं असतात, पण जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. चौकोन येत असतील तर एमपी3टॅग हा मोफत प्रोग्राम वापरून फाइलच्या आत असलेली गाण्याच्या नावाची माहिती ‘आयडी3 आवृत्ती 2.3, यूटीएफ-16’ या रूपात पुन्हा साठवून बघा. आयडी3च्या जुन्या आवृत्ती 1 मध्ये नावाला 30च जागा असतात आणि देवनागरी बसतच नाही. एवढं करूनही चौकोन राहिले, तर दोष प्लेअरचा आहे. मग नावं रोमनमध्ये ठेवणं किंवा दुसरा प्लेअर पाहणं, हेच मार्ग उरतात.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. 1960-70च्या काही स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत गायकाचा आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. आईंना एका कानानं कमी ऐकू येत असेल तर अर्धं गाणं हरवेल. मेनूत ‘मोनो’ची, म्हणजे दोन्ही कानांत सारखाच आवाज देण्याची, सोय आहे का, ते जरूर विचारा.

प्रश्न : माझ्याकडे शास्त्रीय संगीताच्या 200 सीडी आहेत, शिवाय जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या एमपी3 फाइली. एका प्लेअरवर ‘32 बिट, 384 किलोहर्ट्झ, डीएसडी’ असं लिहिलंय, दुसरा त्याच्या निम्म्या किमतीत मिळतोय. जास्त पैसे घालावेत का? (सुदामानगर)

त्या आकड्यांसाठी किंवा डीएसडी या वेगळ्या डिजिटल ध्वनिप्रकारासाठी घालू नका. सीडीवर आवाज 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झमध्ये असतो. त्यात 22 किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात. तरुण, निरोगी कानाची मर्यादा 20च्या आसपास असते आणि वयानुसार ती खाली येते. 16 बिटांत सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर 96 डेसिबलचं मिळतं, ते कुठल्याही बैठकीला पुरतं. तुमच्या तबकड्यांत तर त्याहून कितीतरी कमी आहे. 1925 पूर्वी विजेशिवाय, कर्ण्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणात अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं उतरतच नसे. ते 384 किलोहर्ट्झवर वाजवून त्यात नवं काही येत नाही. एमपी3चं फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता साठवणाऱ्या फाइलप्रकारात) रूपांतरही करू नका. गेलेला आवाज परत येत नाही, फाइल मात्र फुगते.

पैसे आणि वेळ घालण्याच्या जागा वेगळ्या आहेत.

सीडी नीट उतरवणं ही पहिली. संगणकाला यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह जोडा आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या मोफत प्रोग्रामनं फ्लॅक फाइली करा. चरा पडलेली जागा तो पुन्हा पुन्हा वाचतो आणि उतरलेली प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून पाहतो. फ्लॅकमध्ये 0 ते 8 अशा पातळ्या असतात. आवाज सगळ्यांत तोच राहतो, वरच्या पातळीवर फक्त फाइल थोडी लहान होते आणि बनवायला जास्त वेळ लागतो. 5 ठेवा. तासाभराच्या सीडीला साधारण 300 ते 400 एमबी लागतील. 200 सीडींना 70 जीबीच्या आसपास, म्हणजे 128 जीबीचं कार्ड बरोबर.

दुसरी, गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजणं. पुष्कळ सीडींवर एकच राग दोन-तीन ट्रॅकमध्ये कापलेला असतो. संथ विलंबित संपून जलद द्रुत सुरू होताना तानपुरा अखंड वाजत असतो, आणि गॅपलेस नसलेला प्लेअर नेमका तिथे क्षणभर मुका होतो. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला हे कधी जाणवणार नाही, पण तुम्हाला पहिल्याच दिवशी खटकेल. अशी एक सीडी फ्लॅक करून कार्डावर घाला, दुकानात न्या आणि पहिल्या ट्रॅकचे शेवटचे दहा सेकंद ऐका. या परीक्षेत नापास झालेला प्लेअर तुम्ही घेऊ नये, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

तिसरी, शांतता. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला विलंबित ख्याल ऐकताना दोन स्वरवाक्यांमधला विराम हाही गाण्याचाच भाग असतो. स्वस्त प्लेअरमध्ये तिथे सूंऽऽ असा आवाज ऐकू येतो. तुमचा नेहमीचा इअरफोन लावून, गाणं थांबवून, आवाज मधल्या पातळीवर ठेवून ऐका. पडदा उजळताना किंवा कार्ड वाचताना टिकटिक आली तर तो बाजूला ठेवा.

चौथी, हेडफोनशी जुळणं. माहितीपत्रकात ‘आउटपुट इम्पिडन्स’ (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) पाहा. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागापेक्षा जास्त नसावा. म्हणजे 16 ओहमच्या इअरफोनला 2 ओहम किंवा कमी, 32च्या हेडफोनला 4. जास्त असेल तर काही इअरफोनचा सूरच बदलतो, खर्ज फुगतो किंवा वरचे स्वर बसतात. याउलट 250-300 ओहमचे मोठे हेडफोन लहान प्लेअरवर क्षीण वाजतात, कारण त्यांना लागणारा व्होल्टेज तो देऊ शकत नाही. 4.4 मिमीचं बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या तारा वेगळ्या ठेवणारं) छिद्र असेल तर त्यात 3.5 मिमीचा साधा इअरफोन अडॅप्टरनं जोडू नका. दोन्ही बाजूंच्या ऋण तारा एकमेकींना भिडतात आणि अॅम्प्लिफायर जळू शकतो.

हे सगळं निम्म्या किमतीच्या प्लेअरमध्ये असेल तर तोच घ्या. उरलेल्या पैशांचा चांगला हेडफोन घ्या. आवाजात खरा फरक तो पाडतो.

प्रश्न : जेल रोडवर 512 जीबीचं मेमरी कार्ड अगदी स्वस्तात मिळालं. पहिली काही गाणी नीट वाजतात, नंतरची मध्येच तुटतात किंवा दिसतात पण वाजत नाहीत. प्लेअर बिघडलाय का? (परदेशीपुरा)

कार्ड बनावट असण्याची शक्यता जास्त. अशा कार्डात खरी जागा 16 किंवा 32 जीबीच असते, पण आतली चिप संगणकाला 512 सांगते. खरी जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा कुठेच लिहिल्या जात नाहीत. नावांची यादी तेवढी शाबूत राहते, म्हणून गाणी दिसतात.

खात्रीसाठी कार्डातलं हवं ते संगणकावर काढून घ्या, कार्ड रिकामं करा आणि विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम चालवा. मॅक किंवा लिनक्सवर एफ3. तो पूर्ण कार्ड भरतो आणि परत वाचून पाहतो. 512 जीबीला रात्रभर लागेल, मध्ये थांबवू नका. शेवटी खरी जागा किती ते आकड्यात येतं. पडद्याचा फोटो काढा आणि बिलासह दुकानात जा. कार्ड घेताना बिल मागावं ते याचसाठी. 128 जीबीच्या कार्डावर 119 दिसले तर मात्र घाबरू नका. कार्डवाले हजारानं मोजतात, विंडोज 1024नं.

मोठ्या कार्डाची आणखी एक अडचण असते, पण तिचं लक्षण वेगळं. 32 जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेली येतात, आणि साध्या प्लेअरना फॅट32 ही पद्धतच वाचता येते. त्यात मात्र गाणी तुटत नाहीत, कार्डच ओळखलं जात नाही. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी 32 जीबीच्या वर फॅट32चा पर्याय देत नाही. रुफस हा प्रोग्राम देतो. प्लेअर जास्तीत जास्त किती जीबीचं कार्ड घेतो, हे पुस्तिकेत पाहून मगच कार्ड घ्या.

प्रश्न : गाणं शिकते. काळी चार पट्टीच्या तानपुऱ्याची दोन मिनिटांची एमपी3 प्लेअरवर रिपीट लावून रियाज करते, पण दर दोन मिनिटांनी झटका बसतो. गुरुजींनी दिलेल्या बंदिशीचा एकच तुकडा परत परत ऐकायचीही सोय हवी. (लोकमान्यनगर)

झटका एमपी3च्या रचनेतूनच येतो. ती फाइल आवाजाच्या 1152 नमुन्यांच्या ठरावीक तुकड्यांत बांधलेली असते, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. ती सेकंदाच्या चाळिसाव्या ते विसाव्या भागाएवढी असते. बोलण्यात कळणार नाही, तानपुऱ्याच्या अखंड झंकारात हमखास कळते. शिवाय फाइल पुन्हा उघडायला प्लेअर वेळ घेतो तो वेगळाच.

ऑडॅसिटी या ध्वनी कापण्या-जोडण्याच्या प्रोग्राममध्ये मूळ फाइल उघडा. पंचमाच्या तारेच्या छेडीच्या अगदी आधी कापा आणि शेवटही तसाच पुढच्या पंचमाच्या आधी करा, म्हणजे चार तारांचं आवर्तन पूर्ण राहील. मग तोच तुकडा 15 वेळा जोडून अर्ध्या तासाची एक फाइल करा आणि फ्लॅक किंवा वेव्हमध्ये साठवा. वेव्ह सुमारे 320 एमबीची होईल, फ्लॅक त्याहून बरीच लहान. शेवटी आवाज विरू देऊ नका. इक्वलायझर आणि ‘बास बूस्ट’ बंद ठेवा. त्यानं खर्ज घुमतो आणि पंचम झाकला जातो. प्लेअरच्या आतला चिमुकला स्पीकरही रियाजाला कामाचा नाही. खर्जाची तार त्यातून नीट येतच नाही. वायर लावून मोठ्या स्पीकरवर घ्या.

तुकड्यासाठी ‘ए-बी रिपीट’ असलेला प्लेअर शोधा. सुरुवातीला एकदा दाबायचं, शेवटी एकदा, मग तेवढंच फिरत राहतं. वेग बदलायची सोय असेल तर 0.8 वर तान उलगडून ऐकता येते. मात्र वेग कमी केल्यावर सूर तोच राहतो ना, हे विकत घेण्याआधी तुमच्या तानपुऱ्याशी ताडून पाहा.

प्रश्न : पैसे भरून अॅपवर डाउनलोड केलेली गाणी प्लेअरवर कॉपी केली, वाजत नाहीत. (विजयनगर)

वाजणार नाहीत. त्या फाइलींना कुलूप असतं आणि ते त्याच अॅपमध्ये उघडतं. ती गाणी हवी असतील तर अँड्रॉइडवर चालणारा, अॅप टाकता येणारा प्लेअर लागेल. तो महाग असतो आणि त्याची बॅटरी लवकर संपते. नाहीतर गाणी अशा ठिकाणाहून विकत घ्या, जिथे फाइल तुमच्या हातात येते.

प्रश्न : नवा प्लेअर फोनच्या फास्ट चार्जरवर चार्जच होत नाही. जुन्याची मागची बाजू उचलली गेली आहे. (राजवाड्याजवळील वाचक)

चार्जर ठीक आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीत चार्जर आधी समोरच्या यंत्राकडून खूण मिळायची वाट पाहतो. ती खूण देणारे 5.1 किलो-ओहमचे दोन रेझिस्टर स्वस्त प्लेअरमध्ये काटकसर म्हणून बसवलेले नसतात, आणि चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुना चपटा यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेली वायर घ्या आणि साधा 5 व्होल्टचा चार्जर लावा. काम होईल.

जुन्याची बॅटरी फुगली आहे. तो आजपासून चार्ज करू नका. दाबून बसवू नका, टोचू नका, कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. बॅटरी बदलून मिळत नसेल तर कचरागाडी आली की ई-कचऱ्याच्या कप्प्यात वेगळा द्या, ओल्या-सुक्यात मिसळू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं आणि महिनोन्‌महिने पूर्ण चार्ज करून पडू देणं, या दोन गोष्टींनी लिथियम बॅटरी लवकर जाते. प्लेअर बरेच दिवस लागणार नसेल तर निम्मा चार्ज करून सावलीत ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहा.

प्रश्न : जुना आयपॉड क्लासिक विकत मिळतोय. घ्यावा का? (तिलकनगर)

आयपॉड हा अॅपलचा प्लेअर 2001 साली आला आणि 2022 मध्ये अॅपलनं शेवटचं मॉडेलही बंद केलं. तेव्हा बॅटरी जुनी असणार हे धरूनच भाव करा. क्लासिकमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. कानाशी धरून गाणी बदला. टकटक ऐकू आली तर डिस्क शेवटाला आली आहे. फ्लॅक त्यात वाजत नाही, अॅपल लॉसलेसमध्ये रूपांतर करावं लागतं. दोन्ही प्रकारांत आवाजाचं काही जात नाही, त्यामुळे त्याची भीती नको. गाणी नुसती कॉपी करून चालत नाहीत, अॅपलच्या आयट्यून्स या प्रोग्राममधून (नव्या मॅकवर फाइंडरमधून) घालावी लागतात. 30 पिनांची वायर सोबत मागून घ्या आणि विकणाऱ्यासमोरच ती संगणकाला जोडून एक गाणं भरून बघा. चाक आणि मधलं बटण दोन्ही चालतात का, ‘होल्ड’ची पट्टी सरकते का आणि हेडफोनचा पिन हलवल्यावर एका कानाचा आवाज जातो का, हेही तिथेच तपासा. आवाज जात असेल तर सॉकेट बदलावं लागेल. त्यासाठी पातळ पात्यानं पूर्ण खोकं उघडावं लागतं आणि पत्रा वाकतो, म्हणून असा नग सोडून द्यावा.