फिटरचा आयटीआय झालाय. अप्रेंटिसशिप करू की ठेकेदाराकडे लगेच कामाला लागू?

धुळ्याच्या एका मुलाने विचारलंय: ठेकेदार ६०० रुपये रोज द्यायला तयार आहे, अप्रेंटिसला, म्हणजे कारखान्यातल्या शिकाऊ कामगाराला, त्याच्या निम्मेही पडत नाहीत, मग वर्ष वाया घालवू का?

‘वर्ष वाया’ हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो. बावीस वर्षं मी तेच ऐकतोय. अप्रेंटिसशिप कर. दुसरा विचार करू नको.

मी अमळनेर तालुक्यातला. माझा फिटर ट्रेड झाला तेव्हा मोठा भाऊ ठेकेदाराकडे शटडाऊनच्या, म्हणजे कारखाना बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीच्या, कामांवर हेल्पर होता. माझ्यासाठीही त्याने जागा बोलून ठेवली होती. मी मात्र जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अप्रेंटिस लागलो. पहाटेची पॅसेंजर, डब्यात कळण्याची भाकरी. पहिले अडीच महिने मला पॅकिंगला उभं केलं. करारात ट्रेड फिटर लिहिलेला असताना मी खोक्यांना पट्ट्या चिकटवत होतो आणि गप्प बसलो. तू बसू नको, पहिल्याच आठवड्यात विचार.

मग मेंटेनन्सच्या उस्तादांनी मला मागून घेतलं. पहिलंच काम पंपाचं बेअरिंग बदलायचं. मी हातोडा उचलला तर त्यांनी मनगटच धरलं. जुनं पुलरने काढलं. नवं तेलात गरम केलं, ते शाफ्टवर हाताने सरकलं. ठोकायची वेळ आलीच तर आतल्या रिंगवर, बाहेरच्या रिंगवर घाव घातला की तो बॉलमधून जातो आणि बेअरिंग बसवतानाच खराब होतं. मग मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगला डायल गेज लावून, दोन्ही शाफ्ट एका रेषेत यावेत म्हणून मोटरच्या पायाखाली शिम, म्हणजे कागदाएवढ्या पातळ पट्ट्या, सरकवत दुपार गेली. संध्याकाळी पंप चालू केल्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. म्हणाले, हा चांगला आवाज, लक्षात ठेव. आयटीआयत दोन वर्षं फाइल मारली, काटकोन तपासायला गुण्या उजेडात धरून फट बघितली, त्याने हात बसला. पण तो आवाज वर्कशॉपमध्ये ऐकायला मिळत नाही. आज त्याच कानावर माझं घर चालतं.

दादा दर दिवाळीला म्हणतो, “तुनं वरीस वाया गयं.” त्याचे ठेकेदार चार वेळा बदलले आणि प्रत्येक नव्या ठेकेदाराकडे तो पुन्हा हेल्पर म्हणूनच लागला, कारण हातात कागद नाही. कामात तो माझ्यापेक्षा कमी नव्हता.

तुझ्या पैशांचं म्हणशील तर २०१९च्या नियमांत आयटीआयवाल्याला महिना किमान ७००० ठरले. अप्रेंटिसला सरकारच्या अप्रेंटिसशिप अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइमला थांबवता येत नाही. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार नोंदलेला नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, ती स्वस्तातली मजुरी आहे, तिथून निघ. भुसावळला रेल्वेची जाहिरात आली की फॉर्म भर. तिथे लेखी परीक्षा नसते, दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. शेवटची परीक्षा मात्र बुडवू नको, प्रमाणपत्र त्यावरच मिळतं.

संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं मालकावर कायद्याने बंधन नाही. मलाही त्या कारखान्याने ठेवलं नाही. आणि घरात दुसरं कुणी कमावतं नसेल तर माझं ‘दुसरा विचार करू नको’ तुला लागू पडत नाही. त्या वर्षी वडिलांचं ऑपरेशन दादाच्या पगारावर झालं, माझा स्टायपेंड रेल्वेच्या पासात आणि चहात जायचा.

दादा, तू हे वाचशीलच. ते वर्ष वाया गेलं नाही. पण ते तुझ्या पैशांवर निघालं, हे मी तुला आजवर तोंडाने कधी म्हटलं नव्हतं.