बिल्ल्यावरचे 1914 साल

लेस्टरमध्ये राहणाऱ्या एका वाचकांनी आठ महिन्यांपूर्वी लष्करी वस्तूंच्या बाजारात, तिथे नेहमी टेबल लावणाऱ्या विक्रेत्याकडून, ब्रिटिश सैन्यातल्या 'मशीन गन कोअर' या दलाचा टोपीवरचा बिल्ला 140 पौंडांना घेतला. आदल्या रात्री विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर छायाचित्र पाठवून खाली 'ओरिजिनल, 1914 इश्यू' असे लिहिले होते. आता एका जुन्या संग्राहकाने तो बिल्ला ओतीव नक्कल असल्याचे सांगितले आहे, आणि विक्रेता पावतीवरच्या 'सोल्ड ॲज सीन' (जसे दिसते तसे विकले) या शिक्क्याकडे बोट दाखवतो आहे. उशीर झाल्यामुळे हक्क गेला का आणि तज्ज्ञ कुठे मिळेल, असे वाचकांनी विचारले आहे.

अशी पत्रे मला बरीच येतात. कधी पदक असते, कधी तलवार. बहुतेकांना उशिराची भीती वाटते आणि सगळे तज्ज्ञाच्या शोधात असतात. आपले प्रकरण मात्र विक्रेत्याने लिहिलेल्या '1914' या आकड्यावर उभे आहे, आणि तो आकडा आपण आठ महिने वाचलाच नाही याचे मला नवल वाटते. मशीन गन कोअर स्थापन झाले ऑक्टोबर 1915 मध्ये आणि बरखास्त झाले 1922 मध्ये. जे दलच 1914 साली नव्हते, त्याचा त्या सालचा बिल्ला असू शकत नाही. म्हणजे बिल्ला मूळ असो वा नक्कल, तो वर्णनाबरहुकूम नाही, आणि हे सिद्ध करायला तज्ज्ञ लागत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याच्या कलम 11 नुसार वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, आणि ती आपण टेबलावरून स्वतः निवडून उचलली म्हणून 'वर्णनावरून झालेली विक्री' हे तिचे स्वरूप बदलत नाही. कलम 31 नुसार व्यापाऱ्याला ही जबाबदारी शिक्का मारून झटकता येत नाही, त्यामुळे 'सोल्ड ॲज सीन'ची चिंता सोडा. '1914' म्हणजे 'पहिल्या महायुद्धातला' असेच मला म्हणायचे होते, असा बचाव विक्रेता घेईल. न्यायाधीश तो मानतील की नाही हे मी छातीठोकपणे सांगत नाही. तो मानला गेला, तर मात्र नक्कल असल्याचे आपल्यालाच दाखवावे लागेल. विक्रेता व्यापारी नसून हौशी संग्राहक ठरला, तर हा कायदाच लागू होणार नाही आणि 1979 च्या वस्तुविक्री कायद्याकडे जावे लागेल, जिथे शिक्क्याला काही वजन येऊ शकते. दर बाजारात टेबल लावणारा माणूस हौशी ठरणे मला कठीण वाटते.

उशिराने आपले नुकसान केले आहे, हेही खरे. वस्तू नाकारून सरळ पूर्ण पैसे घेण्याची 30 दिवसांची मुदत आपण बिल्ला कपाटात ठेवून घालवलीत. तरीही जिथे दुरुस्ती किंवा बदली शक्यच नाही तिथे कलम 24 किंमत कमी करून घेण्याचा किंवा अखेर वस्तू परत करण्याचा मार्ग उघडा ठेवते. सहा महिने उलटल्यामुळे परतीच्या रकमेतून वापरापोटी वजावट मागितली जाऊ शकते. 1944 साली एका गृहस्थाने प्रसिद्ध इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचे म्हणून सॉल्झबरी कॅथीड्रलचे चित्र 85 पौंडांना घेतले आणि पाच वर्षांनी ते कॉन्स्टेबलचे नसल्याचे कळल्यावर व्यवहार मोडण्याचा दावा लावला. 1950 मध्ये अपील न्यायालयाने, इतक्या काळानंतर व्यवहार मोडता येणार नाही, असे म्हणून त्यांना परत पाठवले. नुकसानभरपाई त्यांनी मागितलीच नव्हती. म्हणून आपल्या नोटिशीत पूर्ण परतावा मागा, आणि तो नाकारल्यास पर्याय म्हणून किमतीतली कपात आणि भरपाई हेही स्पष्ट मागा.

आपण पत्रात सहज लिहिले आहे की बिल्ला काळवंडला होता म्हणून पितांबरीने घासून लख्ख केला. हे करायला नको होते. ठशाने ठोकलेल्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या आकृतीचा उलटा खळगा उमटतो, तर ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, बारीक खड्ड्यांची असते आणि बंदुकांच्या कडा बोथट दिसतात. पण धातूवरची जुनी कळा हाही पुरावाच होता, आणि तो आता नाल्यात वाहून गेला. जे उरले आहे त्याचे पुढून, मागून आणि टोपीत अडकवायच्या मागच्या उभ्या पट्टीचे जवळून फोटो काढा आणि यापुढे त्याला काही लावू नका.

स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांत, तज्ज्ञाचे मत न्यायालयाच्या परवानगीशिवाय चालत नाही, त्यामुळे 140 पौंडांच्या बिल्ल्यासाठी त्याहून महाग अहवाल आधीच घेऊन बसू नका. व्हॉट्सॲपचा तो संदेश तारखेसह जपा, 14 दिवसांची मुदत देऊन नोटीस पाठवा, आणि मगच दावा लावा. सुनावणीची तारीख पडायला महिनोन्‌महिने जातात, तेव्हा ही नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे. बिल्ला मात्र पैसे किंवा लेखी कबुली हातात पडेपर्यंत विक्रेत्याकडे परत पाठवू नका.