शेवटच्या पत्त्यावरची छोटी रेज

परवा नौपाड्यातल्या पोकरच्या बैठकीत तुम्ही एक्क्याच्या जोडीवर १००० चिप्सच्या पॉटमध्ये (मधे जमलेल्या रकमेत) ६०० लावलेत, समोरच्याने रेज करून, म्हणजे रक्कम वाढवून, त्याचे १२०० केले, आणि ‘आणखी ६००च तर घालायचे आहेत’ असे म्हणत तुम्ही कॉल केलात, म्हणजे त्याच्याइतकी रक्कम भरलीत. गणित तुमच्या बाजूचे दिसते खरे: ६०० घातल्यावर पॉट ३४०० चा होतो, म्हणजे सुमारे १८ टक्के वेळा जिंकलात तरी तोटा नाही. पण तितक्या वेळा तरी तो खेळाडू खोटी रेज करतो का, हे आधी पाहायला हवे. ज्याला तुम्हाला पळवून लावायचे असते तो सहसा मोठी रक्कम लावतो. इतकी स्वस्त रेज करणाऱ्याला बहुधा तुमचा कॉलच हवा असतो. रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, टेबलावर बदामाचे तिसरे पान पडले होते, म्हणजे हातात दोन बदाम असलेल्याची पाच बदामे पूर्ण होत होती, आणि त्याआधी दोन्ही फेऱ्यांत त्याने नुसता कॉल केला होता, हे मला त्या डावातले सर्वांत बोलके वाटले. अशा वेळी एका जोडीचा मोह सोडून पत्ते टाकावेत. मात्र ऊठसूट रेज करणारा खेळाडू समोर असेल, तर हाच कॉल मी निःशंकपणे करीन. तुम्ही स्वतः अशी रेज करणार असाल, तर त्यावर पुन्हा रेज आल्यास काय करायचे, हे चिप्स उचलण्यापूर्वीच ठरवून ठेवा.