घरी वाजणारा अलार्म आखाड्यावर का वाजंना?

प्रश्न : सर नमस्कार. मी सेलू तालुक्यातला, कॉलेजात शिकतो. आमच्याकडं मोटारीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा अन् एक आठवडा रात्री असते, म्हणून वडिलांसाठी अँड्रॉईडचं छोटं अ‍ॅप बनवलं, लाईट यायच्या १० मिनिटं आधी अलार्म वाजतो. घरी टेस्ट केलं की बरोबर वाजतो पण वडील शेतातल्या आखाड्यावर झोपले की कधी २० मिनिटं उशिरा, कधी वाजतच नाही. अलार्म परत परत वाजवणारं सेटरिपीटिंग हे फंक्शन वापरलंय. दर १० मिनिटाला मोंढ्यातला सोयाबीनचा भाव पण असाच अलार्म लावून आणतो. काय चुकायलंय?

उत्तर : मला आधी एक सांग, घरी टेस्ट करताना फोन लॅपटॉपला वायरनं जोडलेला असतो ना? गोम तिथंच आहे. अँड्रॉईड ६ मध्ये, म्हणजे २०१५ साली, डोझ नावाची बॅटरी वाचवणारी सोय आली. फोन चार्जिंगला नाही, स्क्रीन बंद, फोन हलत पण नाही, असं थोडा वेळ राहिलं की सिस्टिम अ‍ॅपची कामं अडवून धरते अन् मधूनमधून थोडा वेळ मोकळीक देऊन सगळी एकदम करून घेते. तुझ्या टेबलावर वायर लावलेली म्हणजे डोझ लागतच नाही, अन् आखाड्यावर बाजंवर उशापाशी रात्रभर पडलेला फोन म्हणजे डोझ लागणारच. त्यात सेटरिपीटिंग ४.४ पासूनच अंदाजे चालतं, मिनिटाची हमी त्यात नाहीच.

तुझ्या कामाला सेटअलार्मक्लॉक हे फंक्शन वापर. त्याच्यासाठी सिस्टिम स्वतःच डोझमधून बाहेर येते, अन् वरच्या पट्टीत घड्याळाचं चिन्ह दिसतं, म्हणजे वडिलांना झोपायच्या आधी नुसतं बघून कळतं की अलार्म लागलेला आहे, मला ही गोष्ट लई मोलाची वाटते. सेटएक्झॅक्टअँडअलाऊव्हाईलआयडल पण आहे पण डोझमध्ये ते एका अ‍ॅपला साधारण ९ मिनिटांत एकदाच वाजू देतं. हे दोन्ही एकदाच वाजतात, म्हणून रिसीव्हरमध्ये, म्हणजे अलार्म वाजला की चालणाऱ्या कोडमध्ये, अलार्म आला की तिथंच पुढच्या रात्रीचा लावायचा. दोन अलार्म लावणार असशील तर पेंडिंगइंटेंटचे (अलार्म वाजल्यावर काय करायचं ती सिस्टिमला दिलेली चिठ्ठी) रिक्वेस्ट कोड, म्हणजे ओळख नंबर, वेगळे ठेव, एकच ठेवला तर दुसरा पहिल्याला पुसून टाकतो अन् कुठं एरर पण दिसत नाही, पोरं यात दोन-दोन दिवस घालवतात.

परवानगीचं बघ. अँड्रॉईड १२ पासून अचूक अलार्मला वेगळी परवानगी लागते, अन् १४ वर नवीन टाकलेल्या बहुतेक अ‍ॅपला ती आपोआप मिळत नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. परवानगी नसताना अलार्म लावला तर अ‍ॅप क्रॅश होतं, म्हणून आधी कॅनशेड्यूलएक्झॅक्टअलार्म्सनं परवानगी आहे का विचार अन् नसेल तर वडिलांना सरळ सेटिंगच्या त्या पानावर ने.

फोन बंद पडून परत चालू झाला की सगळे अलार्म गेलेले असतात. आखाड्यावर बॅटरी उतरणं काही नवीन नाही, त्यामुळं लाईटीचं वेळापत्रक फोनात सेव्ह कर अन् बूट कम्प्लीटेड, म्हणजे फोन चालू झाल्याचा सिस्टिमचा संदेश, ऐकून अलार्म परत लाव.

सोयाबीनचा भाव मात्र अलार्ममधून काढच. त्याला वर्कमॅनेजर हे मागं चालणाऱ्या कामांचं साधन वापर, त्यात दोन वेळांत कमीत कमी १५ मिनिटांचं अंतर लागतं, थोडं मागंपुढं झालं तरी भावाचं काही बिघडत नाही.

आता टेस्ट. आखाड्यावर जाऊन रात्र काढायची गरज नाही. स्क्रीन बंद कर, लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबी शेलमध्ये आधी डम्पसिस बॅटरी अनप्लग अन् मग डम्पसिस डिव्हाईसआयडल फोर्स-आयडल दे, वायर असली तरी डोझ लागतं. डम्पसिस अलार्म दिलं की तुझा पुढचा अलार्म किती वाजताचा आहे ते पण दिसतं. झालं की डिव्हाईसआयडल अनफोर्स अन् बॅटरी रिसेट विसरू नको. अन् हे सगळं नीट बसेपर्यंत वडिलांच्या फोनात घड्याळाचा साधा अलार्म पण लावून ठेव, रात्रीची पाण्याची पाळी हुकली तर ते पाणी परत मिळत नाही.